लाल तारेचं काम

खटकेमामांकडे कुणी इंजिनाचं काम घेऊन गेलं की ते गाडीचं बॉनेट उघडूसुद्धा द्यायचे नाहीत. "पोटाचा डॉक्टर पुढच्या चौकात. मी दाराचा माणूस," असं म्हणून पुन्हा आपल्या स्टुलावर बसायचे. गाडीचं दार, दाराचा खटका, मूठ, काच वरखाली करायचा दांडा, एवढंच त्यांचं राज्य. पण त्या राज्यात गेली चाळीस वर्षं त्यांनी कुणाचा शब्द चालू दिला नव्हता. त्यांचं खरं नाव बायकोला आणि मतदार यादीला ठाऊक. बाकी सगळ्यांचे ते मामा. घरी मात्र दिव्याखाली अंधार होता. त्यांच्या स्वतःच्या न्हाणीघराची कडी चार वर्षांपासून सुतळीनं बांधलेली होती, आणि आत गेलेल्या माणसानं बाहेर येईपर्यंत गाणं म्हणत राहायचं, असा घरचा नियम होता.

मामांची कामाची एक रीत होती. नेमका सुटा भाग हाताशी नसला तरी ते गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचे नाहीत. जुळेल ते बसवून दार चालू करून द्यायचे. पण असं कच्चं काम केलं की खटक्याला आतून लाल तारेचे तीन वेढे मारायचे आणि तारेचं टोक आत दुमडायचं, म्हणजे पुढं कुणी हात घातला तर बोचायला नको. लाल तार म्हणजे काम अजून संपलेलं नाही. मग गिऱ्हाइकाला बजावायचं, आठ दिवसांत परत आणा आणि तोवर त्या दाराशी कुणाला बसवू नका. आता माणसाची जातच अशी, की दार एकदा लागायला लागलं की आठ दिवस कुठले आणि आठ महिने कुठले! गरज सरो, वैद्य मरो. दहांतले चार परत यायचे. उरलेल्या सहांना मामा दोन शिव्या हासडायचे आणि विसरून जायचे. आपण सांगितलं, आपली जबाबदारी संपली, असं ते म्हणायचे, आणि ते त्यांना मनापासून पटलेलंही होतं.

एके सकाळी एक जुनी पिकअप ट्रॅक्टरनं ओढत त्यांच्या दारात आणली गेली. गोल नाकाची, वाटोळ्या दिव्यांची, एके काळी हिरवी असावी अशी. तिच्या मागोमाग एक बाई चालत आली. गावाबाहेर तिची रोपवाटिका होती. वय पस्तिशीचं, नखांत माती, बोलणं मोकळं.

"मामा, दोन्ही दारं बिघडलीत. स्टिअरिंगच्या बाजूचं उघडत नाही आणि दुसरं लागत नाही."

"म्हणजे नवरा-बायकोसारखं झालं. एक तोंड उघडत नाही, दुसऱ्याचं मिटत नाही," मामा म्हणाले. बाई खळखळून हसली. मामांना हसणारी गिऱ्हाइकं आवडायची, म्हणून त्यांनी आतून दुसरं स्टूल आणून दिलं.

दुसऱ्या बाजूचं दार दोरीनं बांधलेलं होतं. दोरी इतकी जुनी की हात लावला तर तिचा भुगा होत होता. बाई सांगू लागली. गाडी तिच्या बाबांची, त्यांच्या लाकडाच्या वखारीतली. तेहतीस वर्षं शेडमध्ये उभी होती. वखार मोडली, बाबा थकले, करवतीच्या आवाजानं कान गेले; आता तिला रोपं पोचवायला गाडी हवी होती आणि ही तर घरचीच होती.

"मग उभी का केली होती?" मामांनी विचारलं.

"हिच्यातून मी पडले ना. दोन वर्षांची होते. आईच्या मांडीवर बसले होते, वळणावर दार उघडलं आणि मी बाहेर." तिनं डावा हात पुढं केला. कोपरात तो सरळ होत नव्हता. पाण्याचा तांब्या धरल्यासारखा अर्धवट वाकलेला राहायचा. "आईनं दार नीट लावलं नव्हतं."

उन्हाळ्यात ऊन पडतं, तसं तिनं हे सांगितलं. त्यात ना राग होता, ना दुःख; लहानपणापासून ऐकलेली गोष्ट होती ती.

आणि मामांनी काय करावं? गप्प बसावं की नाही? पण जिभेला हाड नसतं. ते म्हणाले, "बायका दार लावतात ते असं, जसं काही पलीकडं कुणी झोपलंय. मी चाळीस वर्षं सांगतोय, गाडीचं दार आपटायचं असतं, गोंजारायचं नसतं."

"आई आता आपटते. घरातलं प्रत्येक दार दोनदा लावते आणि वर ओढून बघते. बाबा म्हणतात, वरातीमागून घोडं."

दोघं हसले. ते हसणं मामांना पुढं किती छळणार होतं, याची त्या वेळी त्यांना कल्पना असती तर त्यांनी स्वतःच्या तोंडात चिंधी कोंबली असती.

पहिला दिवस सगळा स्टिअरिंगच्या बाजूच्या दारानं खाल्ला. बिजागऱ्या झिजून दार खाली झुकलं होतं, त्यामुळे खटक्याचा पंजा चौकटीवरच्या खुंटीत अडकून बसला होता, आणि वर तेहतीस वर्षांचा गंज. मामांनी तेल सोडलं, रॉकेल सोडलं, दाराखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकनं दार केसभर उचललं, लाकडी हातोडीनं कडेकडेनं ठोकलं. दार हलेना. मग त्यांनी त्याची समजूत काढली, मग त्याच्या वाडवडिलांचा उद्धार केला. दुपारनंतर ते आत शिरून पाठ टेकवून बसले, दोन्ही पाय दारावर ठेवले आणि आतली मूठ ओढून रेटा दिला. दार एकदम उघडलं आणि मामा पायांपाठोपाठ रस्त्यावर. समोरचा पंक्चरवाला टाळ्या वाजवत होता. संध्याकाळपर्यंत ते दार बोटानं ढकललं तरी लागत होतं आणि बोटानं ओढलं तरी उघडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी दोरी कापली आणि दुसऱ्या दाराला हात घातला. आतला पत्रा सहा स्क्रूंवर होता. सहावा निघाला, पत्रा बाजूला ठेवला आणि टॉर्च मारून त्यांनी आत पाहिलं.

लाल तार. तीन वेढे. टोक आत दुमडलेलं.

तारेचा लाल रंग उडून विटकरी झाला होता, पण वेढे मामांचेच होते. स्वतःची सही माणूस विसरेल का? दुसरं कुणी असं करत असेल, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. पण दुसरं कुणी करत नव्हतं, हे त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी खटका बाहेर काढला आणि बाकावर फडक्यावर ठेवला.

पंजा खुंटीला धरतो, आणि पंजा सुटू नये म्हणून त्याच्या मागं एक लहान पकड बसते. त्या पकडीला दाबून धरते स्प्रिंग. ती स्प्रिंग गाडीची नव्हतीच. बारीक, चकचकीत वेटोळ्यांची, मधोमध तुटलेली. शिलाई मशीनची स्प्रिंग होती ती, आणि शिलाई मशीन कुणाचं, हेही मामांना माहीत होतं.

मग त्यांनी पंजा फडक्यानं पुसला. पंजाला दोन दात असतात. दार अर्धवट लागलं तर पकड पहिल्या दातावर बसते, पूर्ण लागलं तर दुसऱ्यावर. पहिला दात कोरा होता. दुसऱ्या दातावर, टोकापासून खालपर्यंत, लोखंड लोखंडावरून घसरल्याचा लांब, खोल ओरखडा होता. मामांनी भिंग लावून पाहिलं. उजेडात नेऊन पाहिलं. बोटानं चाचपलं. त्यात दुसरा अर्थ नव्हता. दार पूर्ण लागलेलं होतं. त्या पोरीच्या आईनं ते जेवढं लावायला हवं तेवढंच लावलं होतं, आणि वळणावर मामांची स्प्रिंग तुटून पकड घसरली होती.

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय, ते मामांना त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. ते मटकन खाली बसले. काल आपण काय बोललो ते त्यांना आठवलं, शब्द न् शब्द, आणि कानशिलं तापली. "गोंजारायचं नसतं" म्हणे! कुणाला शिकवत होतास रे, त्यांनी स्वतःलाच विचारलं. पंक्चरवाल्यानं लांबून "काय मामा, चक्कर आली का?" असं विचारलं, तर त्यांनी नुसता हात हलवला.

त्यांनी आठवून पाहिलं. तेहतीस वर्षांपूर्वी बायको बाळंतपणासाठी दवाखान्यात होती आणि शिलाई मशीन घरात रिकामं पडलं होतं. कुणीतरी घाईत असलेला माणूस गाडी घेऊन आला होता. स्प्रिंग मिळत नव्हती. मामा घरी धावले, मशीनची स्प्रिंग काढली, बसवली, तार गुंडाळली. तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला आणि मामा हातसुद्धा न धुता पळाले. इथपर्यंत सगळं स्वच्छ आठवत होतं. पण पळण्याआधी त्या माणसाला सांगितलं का? आठ दिवसांत आणा, दाराशी कुणाला बसवू नका, हे तोंडातून निघालं का? नेहमी निघायचं. त्या दिवशी निघालं का? मामांना त्या माणसाचा चेहरा आठवेना, आवाज आठवेना, आणि स्वतःचा आवाज तर मुळीच आठवेना.

सांगितलं असेल तर दोष वाटून घेता येत होता. सांगितलं नसेल, तर त्या पोरीचा वाकडा हात त्यांच्या एकट्याच्या माथी होता, आणि तिच्या आईवर तेहतीस वर्षं फुटलेलं खापरही.

एक गोष्ट लपवायला नको. मामांच्या मनात आलं, तार काढून खिशात टाकावी. नवी स्प्रिंग बसवावी, पत्रा लावावा, दार चालू करून द्यावं. कुणाला कळणार होतं? तार त्यांनी खरंच सोडवली आणि खिशात टाकलीही. मग दुकान उघडं टाकून ते जेवायला घरी गेले.

बायकोनं ताट वाढलं. मामांनी तार आणि तुटकी स्प्रिंग ताटाशेजारी ठेवली.

"ही माझ्या मशीनची," बायको तत्काळ म्हणाली. दवाखान्यातून बाळ घेऊन घरी आल्यावर मशीन चालेना, म्हणून तिनं केवढा गहजब केला होता! "एवढ्या वर्षांनी परत देताय? आणि तीही मोडून?"

पण मामांचा चेहरा बघून ती थांबली. मामांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांना दोनदा पाणी प्यावं लागलं.

"अहो, तुम्ही त्या दिवशी दवाखान्यात आलात तेव्हा तोंडाला ग्रीस होतं," ती हळूच म्हणाली. "नर्सनं बाळ हातात दिलं नव्हतं तुमच्या. तुम्हाला तेव्हा स्वतःचं नावसुद्धा नीट सांगता आलं नाही."

"म्हणजे मी त्याला सांगितलं नसणार."

"ते मला काय माहीत? पण त्या पोरीच्या आईला जाऊन सांगा. आजच सांगा."

"आणि ते लोक मला जोड्यानं मारतील ते?"

"मारू देत की. ती तेहतीस वर्षं खातेच आहे," बायको म्हणाली आणि तिनं पुढचं काही न वाढता ताट उचललं.

तिसऱ्या प्रहरी मामा खटका, तार आणि स्प्रिंग फडक्यात गुंडाळून रोपवाटिकेच्या मागच्या घरी गेले. दार त्या मुलीच्या आईनं उघडलं. लहानखुरी बाई, केस सगळे पांढरे. मामा आत आल्यावर तिनं दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं आणि मूठ धरून ओढून पाहिलं. मामांना बघवेना. खिडकीशी खुर्चीत मुलीचे वडील वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय मामा, दार जिंकलं वाटतं?" मुलगी आतून हात पुसत आली.

"ताई, बसा जरा. वहिनी, तुम्हीही बसा."

मामांनी फडकं मेजावर उघडलं. बोलायचं सगळं त्यांनी वाटेत जुळवलं होतं, पण ऐन वेळी बोबडी वळली आणि शेवटचंच वाक्य आधी बाहेर पडलं.

"वहिनी, दार तुम्ही लावलं होतं. पूर्ण लावलं होतं."

मग बाकीचं आलं. लाल तार, शिलाई मशीनची स्प्रिंग, पहिला दात, दुसरा दात. मुलीचा उजवा हात आपोआप डाव्या कोपरावर गेला. आईनं खटका हातात घेतला आणि दुसऱ्या दातावरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं, एकदा, मग परत एकदा.

"मला आवाज आला होता," ती म्हणाली. "आधी एक बारीक आणि मग एक मोठा. खट्, आणि मग खटाक. मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं, भाऊ. कुणाला खरं वाटेना. मग पुढं पुढं मलाच वाटायला लागलं, की नसेल आला."

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी लपवलं नाही.

"ह्यांना सांगा," ती खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली. "मोठ्यानं सांगा. उजव्या कानात. डाव्यानं काहीच ऐकू येत नाही."

मामा लाल तार घेऊन खुर्चीजवळ गेले, वाकले, आणि आयुष्यात कधी नव्हतं एवढ्या मोठ्यानं त्यांनी आपला गुन्हा सांगितला. "स्प्रिंग माझी होती, कच्ची होती. तुमच्या बायकोनं दार नीट लावलं होतं. आणि तुम्हाला मी आठ दिवसांत परत आणा असं सांगितलं की नाही, ते मला आठवत नाही. माझी बायको दवाखान्यात होती, मी घाईत होतो. नसेल सांगितलं, तर हे सगळं माझ्यामुळे झालं. तुम्ही मला वाटेल ते बोला."

वडिलांनी वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं. मामांच्या हातातल्या तारेकडे ते बघत राहिले. बहिरी माणसं बोलतात तसं ते सगळ्या घराला ऐकू जाईल असं बोलले.

"सांगितलं होतंस."

मामांना वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही.

"आठ दिवसांत आणा म्हणालास. तोवर दाराशी कुणाला बसवू नका म्हणालास. दोनदा म्हणालास. मग पळत गेलास कुठंतरी. वखारीत माल येऊन पडला होता. राहून गेलं."

खरं तर मामांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. सकाळपासून त्यांना एवढंच तर हवं होतं. पण तो पडला नाही; त्यांनी आधी मुलीच्या आईकडे पाहिलं. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा," ती त्यांच्या कानाशी ओरडली, "तुम्हाला माहीत होतं? आणि आईला तुम्ही..."

"सगळे विचारायला लागले एकदम. डॉक्टर, पोलीस, तुझे आजोबा. तोंडातून निघून गेलं, की हिनं दार लावलं नसेल." ते तारेकडेच बघून बोलत होते. "एकदा बोलून बसलो. मग परत कसं घ्यायचं? एक वर्ष गेलं, दोन गेली. मग हिनंच म्हणणं सोडलं, की लावलं होतं म्हणून."

मामांना वाटलं, आता ही बाई किंचाळेल, काहीतरी फेकेल. फेकावं, असंही वाटलं. तिनं खटका मेजावर ठेवला. मग बोलली ती इतकं हळू बोलली, की मामांनाही पुढं झुकावं लागलं.

"माझ्या बहिणीला तीन मुलं झाली. एकही तिनं माझ्या मांडीवर दिलं नाही. मी मागायला हात पुढं केला, की ती म्हणायची, राहू दे ताई, झोपमोड होईल. मी मनात म्हणायचे, बरोबरच आहे तिचं."

"काय म्हणतेय ती?" वडिलांनी कानामागं हात धरून विचारलं.

मुलगी सांगायला म्हणून उठली. आईनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. स्वतः उठून ती खुर्चीच्या उजव्या अंगाला गेली, खाली वाकली, आणि बहीण, तिची तीन मुलं, पुढं केलेले हात, सगळं मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून परत सांगू लागली. बाहेर रोपं बघायला आलेली दोन माणसं थबकून खिडकीतून आत बघायला लागली. तिनं आवाज कमी केला नाही.